विश्लेषण : जिवाणूच्या पोटातील ‘प्लास्टिक’ आधी कोणाला दिसले? मार्टिनस बायेरिंक कोण होते?

तूर, हरभरा किंवा सोयाबीन पेरण्याआधी बियाण्याला रायझोबियम चोळणे आणि ज्वारी, बाजरी, कापसाला ॲझोटोबॅक्टर लावणे महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना नवे नाही. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला लावायच्या त्या काळ्या भुकटीच्या पाकिटात हेच जिवाणू असतात. या दोन्ही जिवाणूंना प्रयोगशाळेत प्रथम वेगळे काढणारा शास्त्रज्ञ एकच : नेदरलँड्सचे मार्टिनस विलेम बायेरिंक (१८५१-१९३१). विषाणू या संकल्पनेच्या जनकांमध्येही त्यांची गणना होते. मात्र त्यांच्या कामाचा एक धागा फारसा सांगितला जात नाही. जिवाणूच्या पेशीत साठलेले चमकदार कण त्यांनी सूक्ष्मदर्शकातून टिपले होते. त्यातील एका प्रकारच्या कणांपासून आज विघटनशील प्लास्टिक तयार होते. ते कण काय होते, बायेरिंक तिथवर कसे पोहोचले आणि आजच्या प्रयोगशाळेत हेच कण कसे पाहतात?

बायेरिंक कोण होते?

जन्म १६ मार्च १८५१, ॲमस्टरडॅम. वडिलांचा तंबाखूचा व्यापार होता. तो बुडाला आणि त्यांना रेल्वेत नोकरी धरावी लागली. घरची परिस्थिती बेताची असली तरी मार्टिनस यांना डेल्फ्टच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकता आले. तेथे याकोबस व्हान्ट हॉफ हे त्यांचे सहाध्यायी होते. पुढे १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिले नोबेल मिळवणारे तेच व्हान्ट हॉफ. बायेरिंक यांनी १८७२ मध्ये डेल्फ्टमधून रसायन अभियांत्रिकीची पदविका घेतली. ओढा मात्र वनस्पतिशास्त्राकडे होता. कीटकांमुळे झाडांच्या पानांवर, फांद्यांवर उठणाऱ्या गाठींचा अभ्यास करून १८७७ मध्ये त्यांनी लायडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि व्हाखेनिंगेनच्या कृषी विद्यालयात अध्यापन केले. म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्रात येण्यापूर्वी ते रसायन शिकलेले वनस्पतिशास्त्रज्ञ होते. जिवाणू दिसतो कसा यापेक्षा तो काय खातो आणि काय बनवतो, हा प्रश्न त्यांना पुढे आयुष्यभर अधिक महत्त्वाचा वाटला. त्याचे मूळ या शिक्षणात आहे.

यीस्टच्या कारखान्यात ते काय करत होते?

१८८५ मध्ये ते डेल्फ्टच्या यीस्ट आणि मद्यार्क कारखान्यात रुजू झाले. उद्योजक जॅक व्हान मार्केन यांनी उभारलेला हा कारखाना पावासाठी लागणारे यीस्ट बनवत असे. कारखान्याने त्यांना प्रयोगशाळा दिली आणि संशोधनाची बरीच मोकळीकही दिली. येथेच १८८८ मध्ये त्यांनी शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींतून जिवाणू वेगळा काढून त्याचे शुद्ध संवर्धन केले. त्याला आज आपण रायझोबियम म्हणतो. हवेतील नत्र पिकाला मिळण्याचे कोडे या गाठींशी जोडलेले आहे, हे जर्मनीतील हेलरीगेल आणि व्हिलफार्ट यांनी त्याच सुमारास दाखवले होते. गाठीत राहणारा जीव हाती आला तो बायेरिंक यांच्यामुळे.

जैवप्लास्टिकच्या इतिहासात पेशीतील त्या चमकदार कणांच्या पहिल्या नोंदीचे श्रेयही १८८८ मधील बायेरिंक यांच्या निरीक्षणांना दिले जाते. जिवाणू जेमतेम एक-दोन मायक्रोमीटर लांबीचा. त्याच्या आत प्रकाश वेगळ्या तऱ्हेने वाकवणारे, तेलाच्या थेंबासारखे भासणारे ठिपके दिसत. ते मेदासारखे आहेत एवढेच तेव्हा सांगता येत होते.

आयोडीनचा प्रयोग काय होता?

पाच वर्षांनी, १८९३ मध्ये, त्यांनी ब्युटाइल अल्कोहोल तयार करणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे जिवाणू बीजाणू बनवण्याआधी फुगतात आणि त्यांच्या आत स्टार्चसारखा पदार्थ साठतो. त्यावर आयोडीन टाकले की तो निळा-जांभळा होतो. बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकण्याचा शाळेतला प्रयोग आठवा. तोच इथे एका पेशीच्या आत होतो. या पदार्थाला ग्रॅन्युलोज म्हणतात आणि बायेरिंक यांनी या जिवाणूंच्या प्रजातीचे नावच ग्रॅन्युलोबॅक्टर ठेवले. असा निळा रंग त्यांच्याआधीही काही अभ्यासकांनी पाहिला होता. बायेरिंक यांनी तो किण्वनाशी जोडला. जिवाणू कोणत्या अन्नावर वाढतो, त्यातून काय बाहेर टाकतो आणि पेशीत काय साठवतो, या तीन गोष्टी त्यांनी एकत्र पाहिल्या.

ग्रॅन्युलोज हा ग्लुकोजचे रेणू साखळीसारखे जोडून बनलेला पॉलिमर, म्हणजे बहुवारिक आहे. पेशीत पॉलिमर साठलेला पाहण्याची ही सोपी पद्धत आजही वापरात आहे.

जिवाणू पॉलिमर का साठवतात?

शेतकरी पेव भरून ठेवतो त्याच कारणासाठी. अन्न भरपूर आहे, पण वाढीसाठी लागणारी दुसरी एखादी गोष्ट, म्हणजे नत्र, स्फुरद किंवा प्राणवायू, कमी पडली की पेशीला विभाजन करता येत नाही. तेव्हा हातातील कर्ब वाया न घालवता ती तो साठवते. साखर तशीच साठवली तर पाण्यात विरघळून पेशीतील दाब वाढेल. म्हणून लहान रेणू जोडून मोठी, पाण्यात न विरघळणारी साखळी बनवली जाते आणि तिचे कण पेशीत राहतात. उपासमार सुरू झाली की साखळी तोडून ऊर्जा मिळवली जाते.

हे साठे मुख्यतः तीन प्रकारचे. ग्रॅन्युलोज व ग्लायकोजेन हे साखरेपासून बनलेले, पॉलिफॉस्फेट हे स्फुरदाचे आणि पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट, अर्थात पीएचबी, हे पॉलिएस्टर जातीचे. तिसरा साठा पेशीतून बाहेर काढून, वितळवून साच्यात घालता येतो. बायेरिंक यांना मेदासारखे वाटलेले कण या तिसऱ्या प्रकारचे.

समृद्धी संवर्धन म्हणजे काय?

१८९५ मध्ये बायेरिंक डेल्फ्ट पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी जी पद्धत रुजवली ती त्यांची सर्वांत मोठी देणगी मानली जाते. त्या काळी जिवाणू शोधणे म्हणजे बहुधा रोग्याच्या शरीरातून तो मिळवणे. बायेरिंक यांनी उलट बाजूने विचार केला. हवा असलेला जिवाणूच जगेल आणि बाकीचे मागे पडतील अशी परिस्थिती निर्माण करायची, त्यात चिमूटभर माती किंवा कालव्याचे पाणी टाकायचे आणि वाट पाहायची. याच काळात सर्गेई विनोग्राड्स्की हेही स्वतंत्रपणे याच दिशेने काम करत होते.

१९०१ मधील ॲझोटोबॅक्टरचा शोध हे याचे ठळक उदाहरण. पसरट तळाच्या चंबूत मॅनिटॉल ही साखरेसारखी वस्तू आणि थोडे फॉस्फेट घातलेल्या पाण्याचा उथळ थर घ्यायचा. नत्रयुक्त क्षार मुद्दाम घालायचे नाहीत. त्यात बागेतील माती टाकून चंबू उबदार जागी ठेवायचा. काही दिवसांत पृष्ठभागावर साय धरते. त्या पाण्यात नत्राचा स्रोत म्हणजे फक्त हवा, त्यामुळे जो हवेतून नत्र घेऊ शकतो तोच तिथे जोमाने वाढतो. ॲझोटोबॅक्टर क्रोओकॉकम असा हाती आला. डेल्फ्टच्या कालव्याच्या पाण्यातून त्याचा भाऊबंद ॲझोटोबॅक्टर ॲजिलिसही मिळाला. ॲझोटोबॅक्टर पीएचबी साठवण्यात तरबेज आहे. त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या ॲझोटोबॅक्टर बायेरिंकी या जिवाणूवर १९७० च्या दशकात झालेल्या अभ्यासांतून प्राणवायूचा तुटवडा आणि पीएचबीचा साठा यांचे नाते उलगडले.

विषाणूंशी त्यांचा संबंध कसा आला?

ज्या तंबाखूच्या व्यापारात वडील बुडाले, त्याच पिकाच्या रोगाने मुलाला जगभर ओळख दिली. तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणारा मोझॅक रोग रसातून पसरतो, हे व्हाखेनिंगेनमधील त्यांचे सहकारी ॲडॉल्फ मायर यांनी दाखवले होते. जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही हा रस संसर्गक्षम राहतो, हे रशियात दिमित्री इव्हानोव्स्की यांनी १८९२ मध्ये नोंदवले. बायेरिंक यांनी १८९८ मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले. हे कारण म्हणजे लहान जिवाणू नव्हे, तर जिवंत पेशीतच वाढणारे काही वेगळे आहे, असे त्यांनी मांडले. ते द्रवरूप असावे हा त्यांचा तर्क पुढे चुकीचा ठरला. विषाणू कणरूप असतात. वेगळा वर्ग मानण्याचा निष्कर्ष मात्र टिकला.

माणूस म्हणून ते कसे होते?

अवघड. कामात बुडालेले, स्वतःवर आणि इतरांवर कठोर. विद्यार्थी त्यांना वचकून असत. विज्ञानाला वाहून घेतलेल्याने लग्न करू नये, असे त्यांचे मत होते आणि त्यांनी स्वतःही लग्न केले नाही. बहिणींसोबत ते राहत. त्यांची बहीण हेन्रिएट हिने त्यांच्या व्याख्यानांसाठी जिवाणूंची मोठी रंगीत भिंतचित्रे रंगवली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणाऱ्या एकट्याला दिसणारे दृश्य वर्गातील सर्वांपर्यंत पोहोचवण्याचे ते साधन होते. ही चित्रे डेल्फ्टमध्ये जपून ठेवलेली आहेत. १९०५ मध्ये त्यांना लेव्हेनहूक पदक मिळाले. १९२१ मध्ये, सत्तराव्या वर्षी, ते निवृत्त होऊन खोर्सेल या गावी गेले. त्यांची जागा आल्बर्ट क्लाउव्हर यांनी घेतली आणि डेल्फ्टची परंपरा पुढे नेली. १ जानेवारी १९३१ रोजी बायेरिंक यांचे निधन झाले.

कण दिसले, मग ओळख पटायला चार दशके का लागली?

कारण सूक्ष्मदर्शक आकार आणि जागा दाखवतो, रासायनिक रचना सांगत नाही. मेदाला रंगवणारे रंजक या कणांनाही रंगवत आणि मेद विरघळवणाऱ्या क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात हे कणही विरघळत. त्यामुळे त्यांना मेद समजणे स्वाभाविक होते. दुसरी अडचण वैचारिक होती. हजारो लहान रेणू रासायनिक बंधांनी जोडून एकच महाकाय रेणू बनतो, ही हेरमान श्टाउडिंगर यांची कल्पना १९२० मध्ये मांडली गेली आणि ती मान्य व्हायला बराच काळ गेला. पॉलिमर ही संकल्पनाच नसताना जिवाणूत पॉलिमर आहे असे म्हणणार कोण?

पाश्चर इन्स्टिट्यूटमधील मॉरिस लम्वान्य यांनी १९२० च्या दशकाच्या मध्यास बॅसिलस मेगाटेरियम या जिवाणूतून हा पदार्थ वेगळा केला. पेशींच्या विघटनातून हायड्रॉक्सिब्युटिरिक आम्ल निघते हे त्यांना आधी दिसले. त्या आम्लाचे रेणू जोडून बनलेला पदार्थ पेशीत असतो, हे त्यांनी पुढे दाखवले. बायेरिंक तेव्हा खोर्सेलमध्ये निवृत्त जीवन जगत होते. या साठ्याचे प्रमाण कर्ब आणि नत्राच्या गुणोत्तरावर अवलंबून असते, हे १९५८ मध्ये मॅक्रे आणि विल्किन्सन यांनी सिद्ध केले.

आज प्रयोगशाळेत हे कण कसे पाहतात?

पहिली पायरी म्हणजे जिवाणूला साठा करायला लावणे. कर्ब भरपूर आणि नत्र कमी असलेल्या माध्यमात तो वाढवतात. जोडीला नत्र भरपूर असलेल्या माध्यमातील नमुनाही ठेवतात, म्हणजे तुलना करता येते.

*फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शक :* रंग न देता जिवंत पेशी पाहण्याची ही पद्धत. कण चमकदार दिसतात. ही पद्धत शोधणारे फ्रिट्स झेर्निके हेही डचच. त्यासाठी त्यांना १९५३ चे नोबेल मिळाले. अडचण एवढीच की बीजाणूही असेच चमकतात.

*सुदान ब्लॅक बी :* महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही सहज जमणारी रंजनपद्धत. बर्डन यांनी १९४६ मध्ये ती प्रमाणित केली. काचपट्टीवर जिवाणूंचा पातळ लेप देऊन तो वाळवायचा आणि आचेवर धरून स्थिर करायचा. ७० टक्के अल्कोहोलमधील ०.३ टक्के सुदान ब्लॅक त्यावर १० ते १५ मिनिटे ठेवायचे. टिपून झायलिनने जादा रंग काढायचा. शेवटी ०.५ टक्के सॅफ्रानिन पाच-दहा सेकंद द्यायचे. पेशी गुलाबी आणि आतील कण निळे-काळे दिसतात. सॅफ्रानिन जास्त वेळ राहिले तर कण झाकले जातात, म्हणून घड्याळाकडे लक्ष हवे.

*नाइल ब्लू ए :* १९८२ मध्ये ऑस्टल आणि होल्ट यांनी सुचवलेली पद्धत. स्थिर केलेला लेप एक टक्का द्रावणात ५५ अंश सेल्सिअसला १० मिनिटे ठेवून धुतात, आठ टक्के ॲसिटिक आम्लात एक मिनिट धरतात आणि प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या प्रकाशात पाहतात. पीएचबीचे कण नारिंगी झळकतात. सुदान ब्लॅकपेक्षा ही पद्धत पीएचबीसाठी अधिक नेमकी मानली जाते.

*नाइल रेड :* शेकडो वसाहतींतून साठा करणाऱ्या निवडायच्या असतील तर हा रंजक थेट आगर माध्यमात अत्यल्प प्रमाणात मिसळतात. पेट्री डिश अतिनील प्रकाशाखाली धरली की साठा असलेल्या वसाहती उजळतात. त्या जिवंत राहत असल्याने लगेच उचलून पुढे वाढवता येतात.

*इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक :* पेशीचे अतिपातळ काप घेऊन पाहिल्यास कण फिकट, गोलसर पोकळ्यांसारखे दिसतात. त्यांची संख्या आणि व्यास मोजता येतो.

रंग दिसला म्हणजे प्लास्टिक सिद्ध झाले का?

नाही. सुदान ब्लॅक साध्या मेदालाही रंगवते, नाइल रेडही इतर मेदांशी जुळते. निळे-काळे ठिपके दिसले याचा अर्थ पुढची तपासणी करण्याजोगा जिवाणू मिळाला, इतकाच. ग्रॅन्युलोजसाठी आयोडीन, पॉलिफॉस्फेटसाठी टोल्युइडिन ब्लू आणि पीएचबीसाठी सुदान किंवा नाइल ब्लू अशी जोडणी लावून कण कोणत्या गटातला हे ठरवता येते. पॉलिफॉस्फेटचे कण निळ्या रंजकानेही लालसर-जांभळे दिसतात. घटसर्पाच्या निदानात हीच खूण उपयोगी पडते.

त्यापुढे रसायन लागते. सोडियम हायपोक्लोराइटने पेशीचे इतर घटक विरघळवून कण मागे ठेवतात, क्लोरोफॉर्ममध्ये पीएचबी उतरवतात आणि तीव्र गंधकाम्लासह तापवतात. त्यातून क्रोटोनिक आम्ल बनते आणि ते २३५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषते. शोषण मोजले की प्रमाण कळते. ही लॉ आणि स्लेपेकी यांची १९६१ ची पद्धत. अधिक खात्रीसाठी आम्लयुक्त मिथेनॉलने साखळी तोडून गॅस क्रोमॅटोग्राफी करतात. त्यात एकूण प्रमाणाबरोबर साखळीतील घटक कोणते हेही समजते.

प्लास्टिक बनवणारा जिवाणू सापडल्याची बातमी अधूनमधून येते. अशा वेळी विचारण्याजोगे प्रश्न दोन : फक्त रंजन केले की रासायनिक मोजमापही झाले? आणि पेशीच्या कोरड्या वजनाच्या किती टक्के साठा मिळाला? उत्तरे नसतील तर तो दावा १८८८ च्या निरीक्षणापुढे फारसा सरकलेला नसतो.

हे सारे आज महत्त्वाचे का?

महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आणली, तरी पर्यायाचा प्रश्न कायम आहे. पीएचबी आणि त्याच्या कुळातील पॉलिमर माती व पाण्यातील सूक्ष्मजीव पचवू शकतात, ही त्यांची मोठी जमेची बाजू. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने १९८० च्या दशकात ते बायोपोल नावाने बाजारात आणले आणि १९९० मध्ये जर्मनीत त्याच्या शाम्पूच्या बाटल्याही निघाल्या. मात्र खनिज तेलापासून बनणाऱ्या प्लास्टिकपुढे किमतीत ते टिकले नाही. शुद्ध संवर्धनासाठी सारे निर्जंतुक ठेवणे, साखरेसारखा कच्चा माल घेणे आणि पेशीतून पॉलिमर काढणे, हे तिन्ही खर्चिक.

यावर एक उत्तर पुन्हा डेल्फ्टमध्येच शोधले गेले. तेथील तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी सांडपाण्याच्या गाळातील मिश्र जिवाणूंना आलटून पालटून थोडा वेळ भरपेट अन्न आणि मग दीर्घ उपास असे चक्र दिले. जो भराभर साठा करतो तोच उपासात तगतो, बाकीचे मागे पडतात. तत्त्व बायेरिंक यांच्या चंबूतलेच. अशा निवडीतून प्लास्टिसिक्युम्युलन्स ॲसिडिव्होरन्स हा जिवाणू पुढे आला. त्याचे प्राबल्य असलेल्या संवर्धनात आठ तासांच्या आत पेशींच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८९ टक्के साठा झाल्याची नोंद २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे चॉकलेट कारखान्याच्या सांडपाण्यावर प्रायोगिक पातळीवर ही पद्धत चालवून पाहण्यात आली. निर्जंतुकीकरणाचा खर्च यात वाचतो आणि कच्चा माल म्हणून टाकाऊ पाणी चालते. पेशीतून पॉलिमर स्वस्तात बाहेर कसा काढायचा, हा प्रश्न मात्र अजून सुटायचा आहे. आणि साठा झाला की नाही हे पाहण्यासाठी आजही नमुन्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो.